ओसरीवरून : वाल, तूर आणि एक भुंगा

मंडळी, गेल्या अंकातल्या आमच्या मजकुराला तीन पत्रे आली. त्यातली दोन विजेच्या बिलाची होती असे सौ.चे म्हणणे आहे, पण तिसरे खरोखरच एका वाचकभगिनीचे होते. "तुम्ही नेहमी नाटक आणि राजकारण यांवरच लिहिता, कधीतरी घरात उपयोगी पडेल असे काही लिहा," असे त्यांनी बजावले आहे. आज्ञा शिरसावंद्य. आज आम्ही भुंग्यावर लिहिणार आहोत. कमळात अडकणारा तो कवींचा भुंगा. आमचा वालात राहतो.

झाले असे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्याकडे चार कुटुंबे जेवायला यायची होती. सौ.चे माहेर अलिबागच्या बाजूचे. तिकडे पाहुणा आला आणि वालाचे बिरडे झाले नाही तर पाहुण्याचा अपमान समजतात. (आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. आमच्याकडे तुरीच्या वरणावर तुपाची धार पडली की पाहुणा खूश. लग्नाला तीस वर्षे झाली, हा वाद मिटलेला नाही.) बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे म्हणजे दोन दिवस आधी तयारी हवी. म्हणून गुरुवारी रात्री सौ.नी बेसमेंटमधून वालाचा डबा वर आणला, झाकण उघडले, आणि आतून पाच-सहा तपकिरी किडे भुर्रकन ट्यूबलाइटकडे गेले. डब्यात हात घातला तर बोटांना पीठ लागले. जवळजवळ प्रत्येक दाण्याला एक गोल, नेटके भोक. लहानशा ड्रिलने पाडावे तसे.

"अहो, वालाला पंख फुटले!" सौ. म्हणाल्या. त्या शनिवारी पाहुण्यांनी वरणभात खाल्ला. आम्ही चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला होता.

वाल ऑक्टोबरात डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेले होते. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, मफतभाई आणि तुलसीभाई पटेल यांनी १९७४ साली डेव्हनवर पहिले दुकान उघडले, त्याआधी तुरीची डाळ मिळणे म्हणजे एक मोहीम असे. नंतर इंडियाना, विस्कॉन्सिन, कुठून कुठून मंडळी तीन-तीन तास गाडी हाकत यायची आणि तीन महिन्यांचा किराणा डिकीत भरून न्यायची. आता शांबर्ग काय, नेपरव्हिल काय, दहा मिनिटांवर देशी दुकान आहे. तरी आम्ही दर दोन महिन्यांनी डेव्हनला जातोच. पार्किंग शोधताना अर्धा तास जातो, सौ. रागावतात, मग एखाद्या टपरीवजा हॉटेलात चहा-समोसा होतो आणि राग जातो. सवय सुटत नाही, आणि पोत्याने खरेदी करण्याची सवय तर मुळीच सुटत नाही. दोन माणसांच्या घरात दहा पौंड वाल कशाला, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही.

पुढच्या शनिवारी डबा घेऊन दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही तेही लगेच कळेल. काउंटरवरच्या काकांनी डब्यात नजर टाकली, हुज्जत न घालता नवे पाकीट दिले आणि वर म्हणाले, "भाई, एटलूं बधूं घरमां ना रखाय." घरी येऊन आम्ही ते नवे पाकीट टेबलावर ओतले आणि मुलाच्या शाळेच्या वेळचे भिंग काढून बसलो. दोनशे-अडीचशे दाणे पाहिले. नऊ दाण्यांवर खसखशीहून लहान पांढरे ठिपके चिकटलेले होते. सौ.ना वाटले चुना असेल. ती अंडी होती.

मग मात्र आम्ही चिकाटीने वाचन केले. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? ज्वारीतला सोंड्या वेगळा, रव्यातली अळी वेगळी, आणि हा कडधान्याचा भुंगा वेगळा. शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस. चवळी, मूग, मटकी, तूर, हरभरा, वाल हे त्याचे घर. गंमत म्हणजे मोठा झालेला भुंगा धान्य खातच नाही. तो जेमतेम दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात मादी सत्तर-ऐंशीपासून शंभरापर्यंत अंडी घालते, दाण्याच्या गुळगुळीत सालीवर एकेक चिकटवून. अंड्याच्या तळातूनच अळी दाणा पोखरत आत शिरते, म्हणून बाहेरून आत जाणारे भोक आपल्याला दिसतच नाही. आतला गर खाऊन ती वाढते, सालीजवळ एक पातळ खिडकी तेवढी शिल्लक ठेवते, तिथेच कोष करते आणि शेवटी ती खिडकी ढकलून भुंगा होऊन बाहेर येते. आपल्याला भोक दिसते तेव्हा चोर माल घेऊन निघून गेलेला असतो. उबदार हवेत हा सगळा प्रकार तीन-चार आठवड्यांत आटोपतो.

आता जरा हिशेब करा. एका मादीची शंभर अंडी, त्यातल्या निम्म्या माद्या, सगळी जगली असे धरले तर दुसऱ्या पिढीला पाच हजार आणि तिसऱ्या पिढीला अडीच लाख. सगळी जगत नाहीत म्हणून बरे. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी म्हणजे एकाहून जास्त पिढ्या सहज झाल्या. आणि बाहेर शिकागोची थंडी असली तरी तिचा उपयोग काय? आमच्या बेसमेंटमध्ये फर्नेस. आम्ही थर्मोस्टॅट सत्तरवर ठेवतो, भुंग्याला हिवाळा आलेला कळतच नाही.

दुकानाचे नाव का सांगत नाही ते आता सांगतो. भुंगा दुकानात लागलेला नसतो, निदान पहिला तरी नाही. शेतात शेंगा वाळायला लागल्या की तो तिथेच शेंगांवर अंडी घालतो. दाण्याच्या पोटात बसून तो खळ्यावर येतो, पोत्यात जातो, बाजारात जातो, बोटीत बसतो आणि डेव्हनवर उतरतो. व्हिसा लागत नाही. डाळीला हा त्रास कमी, कारण त्याला अंडी घालायला साबूत, गोलसर, सालीचा दाणा आवडतो. म्हणून वरणवाल्यांचा डबा सुरक्षित राहतो आणि बिरडेवाल्यांचा फुटतो. (हे वाक्य सौ.नी कापायला सांगितले होते. आम्ही ठेवले आहे.) राजम्यात तर या भुंग्याची अळी जगतच नाही. तिला पिष्ट पचू न देणारे एक द्रव्य त्या दाण्यात असते. राजम्याचा भुंगा निराळा, पण तो आमच्या डब्यात आला नाही, तेव्हा त्याला सोडून देऊ.

आमचे नुकसान दहा पौंड वालाचे, तेही काकांनी भरून दिले. हे सगळे आम्ही गमतीने गावी दादाला फोनवर सांगितले. दादा म्हणजे आमचा चुलतभाऊ, वयाने सात वर्षांनी मोठा. सहा एकर कोरडवाहू, त्यात तूर आणि सोयाबीन. तो आधी हसला. मग म्हणाला, "आरं, तुझा डबा गेला. माझं २०१७ साल गेलं होतं, ते इसरलास व्हय?"

विसरलो नव्हतो, पण भुंगा त्यात होता हे माहीत नव्हते. २०१५ च्या दिवाळीत तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती, आठवते? इकडे आपणही दुकानात पाकीट उलटून किंमत बघत होतो. भाव पाहून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही झाला आणि पीक उदंड आले. सरकारचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारात व्यापारी त्याच्या बरेच खाली मागत होते. म्हणून लोक खरेदी केंद्रावर रांगा लावून बसले. कुठे बारदाना नाही, कुठे गोदामात जागा नाही. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या आठवडा-आठवडा उभ्या. एप्रिल २०१७ मध्ये खरेदी थांबली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांची तूर घरातच होती. त्यात दादाची आठ क्विंटल. त्याने ती पोत्यांत भरून माळवदाच्या घरात थप्पी लावली. पुन्हा केंद्र उघडले आणि त्याचा नंबर लागला, तोवर जून उजाडला होता. पोते उघडले तर वरून पीठ उडाले. भुंगा लागलेली तूर केंद्र घेईना. शेवटी एका व्यापाऱ्याने जी किंमत दिली ती दादाने आम्हाला आजवर सांगितलेली नाही. वहिनींनी मात्र एवढे सांगितले की त्या वर्षी धाकटीचे कॉलेजचे ॲडमिशन एक वर्ष पुढे गेले.

त्यानंतर दादा तूर ठेवतच नाही. जानेवारीत रास झाली की आठवड्याच्या आत आडतीवर. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांचीच तूर येते, भाव पडलेला असतो, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळते. "भाव चढंल का न्हाई ते नक्की न्हाई. भुंगा लागंल ते नक्की हाय," तो म्हणाला. आता सांगा, भावाचा अभ्यास असून काय उपयोग? लहान शेतकऱ्याने माल कधी विकायचा हे तो ठरवत नाही, खसखशीएवढे अंडे ठरवते.

हे ऐकल्यावर आमचे वाचन जरा निराळ्या अंगाने सुरू झाले, आणि उत्तर सापडले ते डेव्हनपासून अडीच तासांवर. इंडियानात वेस्ट लाफिएत येथे परड्यू विद्यापीठ आहे. आपल्यापैकी किती जणांची मुले तिथे इंजिनिअर झाली! तिथल्याच लॅरी मर्डॉक नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९८७ पासून आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांबरोबर चवळीच्या भुंग्यावर काम केले. पश्चिम आफ्रिकेत चवळी म्हणजे आपली तूर, गरिबाचे रोजचे अन्न. त्यांनी काढलेला उपाय असा. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या आणि बाहेरून साधे विणलेले पोते. आत वाळलेले धान्य गच्च भरायचे, हवा दाबून काढायची, तिन्हींची तोंडे वेगवेगळी पिळून, दुमडून घट्ट बांधायची. संपले. औषध नाही, पावडर नाही. आतला भुंगा श्वास घेत राहतो आणि पिशवीतला प्राणवायू काही दिवसांत एकवीस टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांच्या खाली उतरतो. मग अळी खाणे थांबवते, वाढ थांबते, अंडी घालणे थांबते आणि ती हळूहळू मरते. तीही गुदमरून मरत नाही, तहानेने मरते. वाळलेल्या दाण्यात पाणी नसतेच. अळी आपले पाणी अन्न जाळून शरीरातच तयार करते आणि त्याला प्राणवायू लागतो. हे त्यांनी २०१२ साली छापले तेव्हा फार उशिरा कळलेली गोष्ट होती, पोती आधीच आफ्रिकेत लाखांनी वापरात होती.

आम्ही हे दादाला मोठ्या रुबाबात सांगितले. तो म्हणाला, "म्हंजी पेव की!"

आम्ही फोन हातात धरून गप्प बसलो. खरेच की. "पेव फुटले" हा वाक्प्रचार आपण येता-जाता वापरतो, हल्ली कशाचेही पेव फुटते. पण पेव आमच्या पिढीतल्या किती जणांनी पाहिले आहे? जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आत कडबा नाहीतर पाला लावून धान्य भरायचे आणि तोंड माती-शेणाने लिंपून बंद करायचे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, वर्षानुवर्षे हळद टिकायची. सोलापूर भागात ज्वारीची. पेव उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर थांबायचे. ज्यांनी थांबण्याचा कंटाळा केला ते आतच राहिले, अशा गोष्टी आमच्या आजोबांकडून ऐकल्या आहेत. प्राणवायू संपलेला असे म्हणूनच कंदील विझे, आणि म्हणूनच धान्याला कीड लागत नसे. आजोबांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. दोन्हींचे कारण एकच आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

वाचकभगिनींनी उपयोगाचे लिहा म्हटले आहे, तेव्हा आता उपयोगाचे.

आपल्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे डीप फ्रीजर. आणलेले कडधान्य शून्य फॅरनहाइटला चार दिवस, घाई नसेल तर आठवडाभर ठेवावे. अंडी, अळी, कोष, सगळे मरते. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडू नये, खोलीच्या तापमानाला आले की उघडावे, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटते. "बाहेर गॅरेजात इतकी थंडी आहे, तिथेच ठेवू" असे आम्हीही म्हटले होते. गॅरेजातली थंडी चार दिवस एकसारखी टिकत नाही आणि भुंगा चिवट असतो. फ्रीजरमधून काढल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी गळ्यापर्यंत भरून. अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी बरणी हवा.

सासूबाई वाल राखेत ठेवायच्या. चुलीची राख चाळून, सढळ हाताने, दाणे दिसेनासे होईपर्यंत. ते बरोबरच होते. बारीक राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, मादीला फिरता येत नाही आणि तिच्या अंगावरचा मेणचट थर घासला जाऊन ती सुकते. चिमूटभर राखेने मात्र काही होत नाही. तेलाचा हातही चांगला. किलोला चमचाभर, म्हणजे पाच मिली एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल दाण्यांना चोळले की अंड्यांना हवा मिळत नाही. कडुनिंबाच्या पाल्यावर आमचा भरवसा थोडाच आहे. बिब्बेही लोक घालतात, घालोत. पण पाऱ्याच्या गोळ्या धान्याच्या डब्यात टाकायची जी पद्धत आहे ती कृपा करून सोडा. आणि गावाकडे कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या पोत्यात टाकत असेल तर त्याला आजच फोन करा. त्यातून निघणारा वायू भुंगा आणि माणूस यांत फरक करत नाही. राहत्या घरात त्या गोळ्यांनी माणसे गेली आहेत. त्या प्रशिक्षित माणसाने, गोदामातच वापरायच्या असा नियम आहे.

दादाच्या बाबतीत पिशव्यांची गरजच पडली नाही. त्याच्याकडे कीटकनाशकाची नव्हेत, खाद्यतेलाची रिकामी झालेली प्लॅस्टिकची दोन मोठी बॅरल होती, पट्टा आवळायच्या झाकणाची. आम्ही फोनवरून हुकूम सोडले आणि वहिनींनी त्यातले निम्मे सुधारले. तूर आधी कडक वाळवायची. आम्ही मीठ-बाटलीची युक्ती वाचली होती. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडे मीठ घालून हलवायचे, मीठ काचेला चिकटले तर दाणा ओला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दाताखाली कट्टकन् वाजला म्हंजी वाळला. मीठ कशाला वाया घालता?" दोन्ही करून पाहिले, उत्तर एकच आले. वाळवताना मात्र त्यांनी आमचे ऐकले. खाली काळे प्लॅस्टिक, त्यावर तुरीचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, कडांना दगड. लातूरकडच्या उन्हात आतली उष्णता पन्नासच्या वर सहज जाते. सत्तावन्न अंश सेल्सिअस तासभर मिळाले तर दाण्याच्या पोटातली अळीसुद्धा मरते, हेही त्या परड्यूवाल्यांनीच १९९१ साली दाखवले होते. मग तूर थंड होऊ देऊन बॅरल काठोकाठ भरायचे, झाकणाच्या फटीला मेण, पट्टा आवळायचा आणि उघडायचे नाही.

वहिनींनी पेरणीचे बी वेगळे ठेवले आहे, बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली तेव्हा टीव्हीवर त्यांची गावरान बियाण्यांची बँक दाखवली होती. त्यात वालाचेच कितीतरी वाण. तेव्हापासून वहिनी बियाण्याच्या बाबतीत दादाचेही ऐकत नाहीत.

दोन बॅरलांत मिळून साधारण तीन क्विंटल तूर मावली. बाकीची सगळी दादाने नेहमीप्रमाणे फेब्रुवारीत विकून टाकली. भुंग्यावर एकदम एवढा विश्वास टाकायला तो तयार नाही, आणि आम्ही शिकागोत बसून त्याला आग्रह करणारे कोण? भाव चढेल की नाही हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण बॅरल उघडायचे कधी, ते यंदा तोच ठरवणार आहे.

हा मजकूर संपादकांकडे देईपर्यंत बॅरल उघडलेले नाही. "एकदा बघू का आत काय झालंय?" असे दादाने तीनदा विचारले, तिन्ही वेळा आम्ही नको म्हटले. वहिनींनी शेवटी दोन्ही झाकणांवर पाट्याचा दगड आणि वरवंटा ठेवून दिला आहे. इकडे आमचे नवे वाल फ्रीजरमध्ये, श्रीखंडाच्या डब्यामागे. सौ.नी पुढच्या शनिवारी त्याच चार कुटुंबांना बोलावले आहे.